पहिल्या ओळीतल्या दोन रिकाम्या जागा

गोपसेठच्या छापखान्यात मला नोकरी लागली ती अक्षर चांगलं होतं म्हणून. दुसरी कुठलीच लायकी नव्हती. कॉलेज अर्धवट सुटलं होतं, इंग्रजीच्या नावाने आनंदीआनंद होता, आणि घरात मी बसून राहिले तर वर्षाच्या आत कुठल्या तरी मांडवात उभी राहणार हे सगळ्या आळीला दिसत होतं. बदलापूर गावात आमच्या दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीत चूल. आई पहाटे भाकऱ्या थापायला बसायची, त्या आवाजाने घर उठायचं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, थंडीत वालाचं बिरडं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचा डबा आधी भरायचा, मग माझा. मी नोकरीला जाणार म्हटल्यावर आई म्हणाली, "तुजा अक्षर ब्येस हाय ग, पन त्याचा कोन पगार देतंय?" गोपसेठ देत होता.

छापखाना उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात. गल्लीत दोन्ही बाजूंनी कपडे शिवणाऱ्यांची कारखानेवजा घरं, त्यामुळे दिवसभर शिलाई मशीनची घरघर, आणि मध्ये आमचं पायाने चालणारं छपाईचं यंत्र खटाखट. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. आमच्या भागातली लग्नपत्रिका ज्याने पाहिली नसेल त्याला सांगते, तिच्यात वधूवरांची नावं नीट असली नसली तरी चालतात. निमंत्रकांची नावं चुकली तर मात्र खैर नाही. काका, चुलतकाका, आत्याचे यजमान, भावकीतले, गावकीतले, आणि शेवटी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी कच्चीबच्ची. एरंजाडकडचा एक म्हातारा छापून झालेला अख्खा गठ्ठा परत घेऊन आला होता. त्याच्या मेहुण्याचं नाव राहिलं होतं. गोपसेठने एका नावाने काय बिघडतं असं विचारलं, तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "कार्डान नाव नाय, तर मांडवान पाय नाय." माझं काम म्हणजे लोक सांगतील ती नावं सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवून घेणं, म्हणजे छपाईचे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्याची चूक होऊ नये.

मोहिनी लालवानी दुपारची यायची. गल्लीच्या टोकाला तिचं घर, वडिलांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि गोपसेठने कुठून तरी एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर उचलून आणला होता. शोभेला ठेवल्यासारखा तो फडक्याखाली झाकलेला असायचा. वडिलांच्या ओळखीवर मोहिनी बारा ते पाच तिथे बसायला लागली. ती माझ्याहून वर्षाने मोठी, उंच, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता स्वतःच्या नखांकडे बघायची. पहिल्या दिवशी तिने माझा डबा बघून विचारलं, "हे काय गं, मिर्चीचा चुरा?" मी म्हटलं, जवळा. तिने तो चाखून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, मला आणि माझी भाकरी तिला, असा व्यवहार ठरला. तिच्या घरच्या साई भाजीची चव मला पुढे कुठे मिळाली नाही. पाककृती बघून दोनदा करून पाहिली. पालक वाया गेला.

त्या कॉम्प्युटरवर चालायचं ते डॉस, म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक आडवी रेघ. आपण हुकूम टाइप करायचा. चुकला तर ते एका ओळीत चूक सांगून गप्प बसायचं. मला ते फार आवडलं. आमच्या घरी इतक्या कमी शब्दांत चूक सांगणं कोणाला जमत नसे. मोहिनीच्या डोक्यात आलं की पत्रिकेचा मजकूर या मशीनवर टाइप करून आधी कच्ची प्रत काढता आली, तर लोकांचे नावांवरचे तंटे खिळे जुळवायच्या आधीच मिटतील. अडचण एवढीच की त्या मशीनला मराठी येत नव्हतं. तेव्हा मोहिनीने आलेखाची वही आणली, चोवीस बाय चोवीस चौकोन आखले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुझं अक्षर छान आहे ना? मग याच्यात काढ. जो चौकोन काळा, तिथे प्रिंटर टिंब मारेल. बाकी मी बघते."

चार महिने आम्ही ते केलं. मी जेवणाच्या सुट्टीत चौकोन काळे करायचे, ती त्यांचे आकडे करून मशीनमध्ये भरायची. 'क' पहिल्याच दिवशी जमला. 'ळ' तीन दिवस रुसून होता, आणि जोडाक्षरांनी तर रडवलं. अक्षरं माझी, पण अक्षराशेजारी अक्षर कसं बसवायचं, मात्रा कुठे चढवायची, ओळ कुठे मोडायची, नावांची यादी दोन रकान्यांत कशी पाडायची, हे सगळं डोकं तिचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि आजही फारसं कळत नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे. ज्या दिवशी प्रिंटरने किरकिरत पहिली अख्खी पत्रिका बाहेर काढली, त्या दिवशी गोपसेठने सगळ्यांना लस्सी पाजली, आणि मोहिनीने प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी घातल्या. पहिली: प्रोग्रॅम, मोहिनी लालवानी. दुसरी: अक्षरे, सुनीता भोईर. खाली 'कुठलीही कळ दाबा'. मी बाबांना सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दुकानात नेऊन ते दाखवलं. बाबांनी चष्मा लावून माझं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही पहिली कोन?"

प्रोग्रॅमचं नाव 'पत्रिका'. गोपसेठने त्याच्या फ्लॉपी अंबरनाथ, कल्याण, कर्जतपर्यंतच्या छापखान्यांना दिल्या. एक खोट राहिली होती. निमंत्रकांची नावं चाळीसच्या वर गेली की यादीतलं शेवटचं नाव गळायचं. मोहिनीला ते माहीत होतं. "संडेनंतर करते" म्हणाली होती. पण तेवढ्यात तिचं लग्न ठरलं, मुलगा जयपूरचा, आणि तिचं दुकानात येणं बंद झालं. झालं असं होतं की पडद्यावर नाव असल्यामुळे कुठकुठले छापखानेवाले अडचण आली की पत्ता विचारत तिच्या घरी पोहोचायचे. मोहिनी लालवानी इथेच राहते का? सासरच्या कोणाच्या तरी कानावर ते गेलं. एका दुपारी तिचा भाऊ हरीश गोपसेठकडे येऊन हळू आवाजात बोलून गेला. जाताना त्याने माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत पापडाचा पुडा होता आणि त्याच्याखाली घडीघडीच्या कागदावर छापलेला अख्खा प्रोग्रॅम, ओळ न् ओळ. "मोहिनीने दिलंय. बोलली, सुनीला लागेल."

गोपसेठ त्याच्या सिंधी ढंगात म्हणाला, "वडी सुनीता, वो पहिला नाम निकाल दे. घरवाले बोलते हैं, लडकी का नाम दुकान-दुकान फिरता है, अच्छा नहीं लगता. जगह खाली सोड. समजली ना?"

फाइलच्या पोटात काय लिहिलंय ते दाखवणारं एक साधन तेव्हा मिळायचं. त्यात आकड्यांच्या रांगा दिसायच्या आणि उजवीकडे वाचता येतील अशी अक्षरं. हवं तिथे जाऊन वरून टाइप करायचं. नियम एकच, जितक्या जागा होत्या तितक्याच भरायच्या. एखादी कमी-जास्त झाली तर पुढचं सगळं सरकतं आणि प्रोग्रॅम बंद पडतो. हे मला मोहिनीनेच शिकवलं होतं. मी तिचं नाव शोधलं आणि त्यावर एकेक रिकामी जागा मारत गेले. इंग्रजीत चौदा जागा. मग चालवून पाहिलं. पडद्यावर आलं 'प्रोग्रॅम', आणि पुढे काहीच नाही. दुकानात गोपसेठ गिऱ्हाइकाशी बोलत होता, बाहेर मशीनची घरघर चालू होती. माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मी परत फाइल उघडली आणि त्या जागी माझं नाव टाइप केलं. माझं नाव बारा जागांचं, तेव्हा शेवटच्या दोन रिकाम्या राहिल्या. आता पडद्यावर वरही सुनीता भोईर आणि खालीही सुनीता भोईर.

का केलं, याची उत्तरं मी इतक्या वर्षांत बरीच तयार केली. रिकामी जागा वाईट दिसत होती, हे एक. कोणाचं तरी नाव असावं म्हणून, हे दुसरं. नाहीतरी तिच्या घरच्यांनाच ते नको होतं, हे तिसरं आणि सगळ्यांत सोयीचं. खरं उत्तर असं, की मला ते हवं होतं. बाबांनी 'ही पहिली कोन' असं विचारलेलं मला टोचलं होतं. मला काढायला सांगितलं होतं, भरायला कोणीही सांगितलं नव्हतं. गोपसेठने पाहिलं तेव्हा तो थोडा हसला आणि म्हणाला, चलेगा. नव्या फ्लॉपी त्याच नावाने गेल्या.

लोक मला विचारायला येऊ लागले. प्रोग्रॅम केलेल्या मॅडम. आईने स्थळं बघताना ते सांगायला सुरुवात केली, आणि आळीतल्या बायका मला जरा लांबून बघू लागल्या. पण गळणाऱ्या नावाचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मोहिनीचे कागद पसरून मी पडवीत बसायचे. त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, आणि कोणाला विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. शेवटी मी एक युक्ती काढली. यादी चाळीसच्या वर जात असेल तर शेवटी एक खोटं नाव घालायचं, म्हणजे ते गळेल आणि खरी माणसं वाचतील. आमच्या दुकानात ते नाव असायचं 'श्री. गोपसेठ'. एकदा मोजण्यात चूक झाली. यादीत खोट्या नावासकट चाळीसच भरली, आणि वांगणीकडच्या एका लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांमध्ये गोपसेठ छापून आला. कच्ची प्रत तपासायला आलेल्या काकांना वाटलं नवरदेवाच्या मामांनी घातलंय, मामांना वाटलं काकांनी. कोणी खोडलं नाही. गोपसेठला लग्नाला जावं लागलं. त्याला फेटा बांधला, पहिल्या रांगेत बसवलं, आणि तो आठवडाभर खूश होता. मी ही गोष्ट रंगवून सांगते, सगळे हसतात. ते खोटं नाव का लागायचं हे मात्र मी कोणाला सांगत नसे.

मोहिनी माहेरपणाला आली ती मिठाईचा डबा घेऊन सरळ दुकानात. हातभर बांगड्या, अंग थोडं भरलेलं. गोपसेठने "आओ मोहिनी" म्हटलं तर ती नखांकडे बघत म्हणाली, "अंकल, आता हर्षा. सासरी पंडितने नाव बदललं. तिकडे हर्षा म्हणून हाक मारतात, तर मीच मागे बघते, कोणाला बोलावतायत." त्यांच्यात लग्नात मुलीचं नावही बदलायची रीत असते हे मला माहीत होतं. आमच्यातही तांदळात नाव लिहितात. पण ज्या माणसाचं नाव चौकोनांच्या वहीवर रोज वाचलं होतं, त्याला आता दुसऱ्या नावाने हाक मारायची, हे ऐकून मला कसंसंच झालं. ती बोलता बोलता सवयीने कॉम्प्युटरसमोर बसली. मला कळत होतं आता काय होणार. मी कागद कापायच्या यंत्रापाशी उभी होते आणि तिथून हलले नाही.

तिने 'पत्रिका' टाइप केलं. पडदा आला. कुठलीही कळ दाबा, असं खाली लिहिलेलं होतं, आणि ती कळ दाबेना. मग तिने कळ दाबली, नावांची यादी उघडली, आणि मागे न वळता विचारलं, "चाळीसच्या पुढचं नाव अजून पडतं का गं?"

"हो," मी म्हटलं.

"कागद दिले होते ना तुला?"

"दिले होते."

"मग कर ना दुरुस्त. प्रोग्रॅम तुझा आहे."

आवाजात राग नव्हता. असता तर मी काही तरी बोलले असते. घरवाल्यांनीच सांगितलं होतं, एवढं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण घरवाल्यांनी काय सांगितलं होतं आणि मी काय केलं होतं हे तिला माझ्याहून चांगलं दिसत होतं. ती उठली, गोपसेठच्या पाया पडली आणि गेली. मिठाईचा डबा माझ्या टेबलावर होता. मी त्यातलं काही खाल्लं नाही. नंतर आमची भेट झाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. त्या नावाच्या जोरावर मला ठाण्याला चांगली नोकरी मिळाली. तिथे मी काम करणारी माणसं सांभाळायला शिकले आणि त्यातच निवृत्त झाले. लग्नात नवऱ्याने तांदळात बोट घालण्याआधी मला विचारलं, बदलायचं का? मी नको म्हटलं, आणि त्याने सुनीताच लिहिलं. माझं नाव असं दोन्हीकडे शाबूत राहिलं. आता आम्ही बदलापुरातच कात्रपला राहतो. गेल्या वर्षी मुलीने मला जुन्या डॉसच्या हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये घातलं, आईला करमणूक म्हणून. तिथे दिवसभर वाद चालतात. कुठली आवृत्ती चांगली, कुठल्या फ्लॉपीला बुरशी लवकर लागते, कोणाचा कोणता प्रोग्रॅम. भजनी मंडळातही इतकी भांडणं मी पाहिली नाहीत. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याचं नाव शोधून काढायचं आणि नोंदवायचं, मग तो कितीही लहान का असेना.

अंबरनाथच्या तुषारने, तो चाळिशी ओलांडलेला आणि कारखान्यात देखभालीच्या कामाला, एका बंद पडलेल्या छापखान्यातून फ्लॉपी मिळवली आणि पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकला. वर सुनीता भोईर, खाली सुनीता भोईर. खाली अभिनंदनांची रांग लागली. इतक्या वर्षांपूर्वी, आपल्या भागातली मुलगी, मराठी अक्षरं, वगैरे. मी दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तुषारचा मला वेगळा मेसेज आला. "मॅडम, एक छोटी शंका. फाइल उघडून बघितली. दुसऱ्या ओळीत तुमचं नाव बरोबर बसतं, पण पहिल्या ओळीत नावापुढे दोन जागा रिकाम्या आहेत. असं का असेल?"

मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हटलं, आता ती फाइल उघड आणि तिचं नाव परत घाल, चौदा जागा आहेत, बरोबर बसेल. तुषार म्हणाला, "नाही मॅडम. जुन्या फाइलला हात लावायचा नाही, हा ग्रुपचा नियम आहे. जशी सापडली तशीच ठेवायची. तुम्ही शेजारी टीप लिहा, काय झालं ते. आणि टिपेत त्यांचं नाव." म्हणजे माझं नाव त्या ओळीत कायमचं राहणार, दोन रिकाम्या जागांसकट, आणि शेजारी मीच लिहिलेलं की हे नाव खोटं आहे. मला वाटलं होतं की चुकलेलं दुरुस्त करायला उठलं की झालं. तसं नसतं.

टीप लिहायच्या आधी तिला विचारायला हवं होतं. मी उल्हासनगरला गेले. पडद्याचं दुकान अजून तिथेच आहे, फक्त आता काचेचं. हरीशचे केस पांढरे झालेत. त्याने मला ओळखलं नाही, पण जवळ्याचा डबा आणणारी म्हटल्यावर हसला आणि नंबर दिला. फोन मी तिथूनच, गल्लीत उभी राहून केला, नाहीतर घरी येईपर्यंत माझा धीर सुटला असता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "बोल." मी बोलले. माफी मागितली, तीही नीट जमली नाही, दोनदा तेच वाक्य आलं. मग विचारलं, "कुठलं नाव लिहू? मोहिनी की हर्षा? लालवानी की सासरचं?"

"जे पुसलंस, ते लिही," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती फोन ठेवेल. पण ती बोलत राहिली. मुलांची शाळा झाली, नवरा गेला, नातवाला गणित शिकवताना तिला पुन्हा प्रोग्रॅमचा नाद लागला. मग एकदम म्हणाली, "आणि ते चाळीसच्या पुढचं? केलंस?"

"नाही गं. जमलंच नाही मला."

"कागद आहेत?"

"आहेत."

"मग फोटो काढून पाठव. सगळे. एक पण सोडू नकोस."

घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक उतरवली. पापडाच्या पुड्याचा वास केव्हाच गेला होता, कागद कडांनी पिवळे पडले होते, पण शाई शाबूत होती. घडी उलगडत मी ते दिवाणखान्याच्या फरशीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरले आणि गुडघे दुखत असतानाही एकेका पानाचा फोटो काढला. पहिल्या पानाच्या माथ्यावर इंग्रजीत होतं, मोहिनी लालवानी. ते मी तेव्हा पुसलं नव्हतं. कागद घरातच राहणार होता, तो कोण बघणार होतं?